स्मृतीचा धनी कोण?

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यातील तीन-चार मजली जुन्या इमारती पुनर्विकासाच्या निमित्ताने जसजशा रिकाम्या होऊ लागल्या आहेत, तसतशी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकांतून आणि दिवाणाच्या पोटातून एक वस्तू पुन्हा उजेडात येऊ लागली आहे, आणि ती ठेवावी की टाकावी याचा निर्णय न झाल्यामुळे बांधाबांधीच्या यादीत तिला कोणत्याच सदराखाली जागा मिळत नाही. ही वस्तू म्हणजे लग्नाची, मुंजीची किंवा साठीशांतीची व्हिडिओ कॅसेट. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आपल्याकडे आली, तिच्या मागोमाग व्हीसीआर आला, आणि पुढे बरीच वर्षे डोंबिवली-कल्याणच्या चाकरमान्या गृहस्थाने, जो एरवी रेल्वेचा पास आणि पहिल्या तारखेचा पगार यांच्या हिशेबात काटकसरीने जगत होता, घरच्या कार्याला खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस आणि त्याच्यामागे डोळे दिपवणारा हॅलोजनचा दिवा धरून उभा राहणारा पोरगा यांची तजवीज आवर्जून केली. लग्नाच्या यादीत मानपान आणि देण्याघेण्याच्या कलमांखाली ‘व्हिडिओ शूटिंगचा खर्च’ हे नवे कलम रुजू झाले ते याच काळात.

आता त्या कॅसेटी ज्यात घालून पाहाव्यात ती यंत्रेच दुर्मीळ झाली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या जपानातील फुनाईने जुलै २०१६ मध्ये हे उत्पादन थांबवले. चुंबकीय फितींवरील संग्रह २०२५ च्या आसपासपर्यंत संगणकावर उतरवून घेतले गेले नाहीत तर त्यांतील बराचसा भाग कायमचा हातचा जाईल, असा इशारा युनेस्कोने ध्वनिचित्रसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ साली दिला होता. फीत झिजते हे त्याचे एक कारण, आणि चालू यंत्रे व ती दुरुस्त करणारे हात नाहीसे होत आहेत हे दुसरे. ती मुदत उलटून गेली आहे. म्हणून कोणी गृहस्थ ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून एखादा चालता व्हीसीआर पैदा करतो, त्याची हेडे साफ करून घेतो, तो संगणकाला जोडतो आणि रविवारच्या सकाळी माळ्यावरच्या कॅसेटी एकेक करून त्यात सरकवू लागतो. काय चालले आहे असे विचारले तर उत्तर मिळते, ‘आठवणी जतन करतोय.’ हे विधान इतके सर्रास केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. माझ्या मते ते तात्त्विकदृष्ट्या सदोष आहे, आणि त्या दोषापायी या कामातील अधिक निकडीचा अर्धा भाग आपल्या हातून राहून जातो.

विचार नीट व्हायचा तर त्या यंत्रात काय घडते ते आधी पाहिले पाहिजे. कॅसेटीतील फीत अवघी १२.७ मिलिमीटर रुंद; पॉलिएस्टरच्या पातळ पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा सूक्ष्म लेप. ती सेकंदाला सुमारे तेवीस मिलिमीटर अशा संथ गतीने सरकत असते, आणि तिच्या वाटेत किंचित कललेला एक ड्रम सेकंदाला पंचवीस फेरे घेत असतो. त्यावरील हेडे फितीवरील लेपातील चुंबकत्वाच्या तिरप्या रेघा वाचत जातात, एकेक रेघ म्हणजे अर्धे चित्र, आणि अशी पन्नास अर्धी चित्रे दर सेकंदाला एकमेकांत गुंफली जाऊन करवलीच्या हातातला करा हलताना दिसतो. यंत्राच्या पाठीमागच्या पिवळ्या भोकातून चित्र आणि शेजारच्यातून आवाज बाहेर पडतो, त्या वायरी कॅप्चर कार्डात जातात, आणि तेथे विद्युत्‌तरंगाची मापे घेतली जाऊन रुंदीत ७२० आणि उंचीत ५७६ ठिपक्यांचे, दर सेकंदाला पंचवीस चित्रांचे अंकमय रूप संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरते. तीन तासांच्या कॅसेटीला तीनच तास लागतात. येथे घाईला वाव नाही. आपल्या दमट हवेत माळ्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते, आणि ती तशीच चालवली तर हेडांना लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला बाधते, म्हणून ती आधी काढावी लागते. आणि जेथे लेपच उडून गेला आहे, तेथे हेडाला काहीच सापडत नाही. अशा वेळी व्हीसीआर त्या रिकाम्या ओळीच्या जागी तिच्या आधीची ओळ पुन्हा दाखवून वेळ मारून नेतो. हे इतक्या शिताफीने होते की पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. जे दिसते त्यातील काही भाग मुळात नाहीच.

आता या साऱ्यात स्मृती कोठे आहे? न्याय-वैशेषिकांनी संस्कार नावाचा एक गुण मानला आणि त्याचे तीन प्रकार सांगितले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तून संस्कृत पाठशाळेतील पोरेही ते शिकत आली आहेत: वेग, स्थितिस्थापक आणि भावना. वेग हा पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन यांच्या ठिकाणी राहतो, स्थितिस्थापक हा चटई किंवा फांदी वाकवून सोडली असता ती पूर्वस्थितीला जाते त्यात दिसतो, आणि भावना मात्र केवळ आत्म्याच्या ठिकाणी राहते. अनुभवातून ती उपजते आणि तीच पुढे स्मृतीला जन्म देते. हे वर्गीकरण आपल्या व्हीसीआरला लावून पाहावे. ड्रमच्या फिरण्यात वेग आहे. फीत ताणून धरणाऱ्या स्प्रिंगेत स्थितिस्थापक आहे. लेपावर उमटलेल्या चुंबकीय खुणांना आपण आजच्या बोलीत खुशाल ‘संस्कार’ म्हणू. परंतु त्यांना भावना म्हणता येणार नाही, कारण त्यांच्यामागे कोणाचाही अनुभव नाही. कॅमेऱ्याने वधूचे रडणे पाहिले नाही. त्याच्या काचेवर केवळ प्रकाश पडला. ज्याने अनुभवले त्यालाच आठवते, एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, हे नैयायिकांचे म्हणणे मुळात आत्म्याच्या सिद्धीसाठी केलेले. ते आत्मा मान्य नसणाऱ्यालाही या एका प्रकरणात मान्य करावे लागेल असे मला वाटते. फितीत खूण आहे, आणि तिच्यात स्मर्ता नाही.

यावर बौद्धाचा आक्षेप येईल, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. तो म्हणेल, तुमचा स्मर्ता तरी कोठे एकसंध आहे? क्षणामागून क्षण उपजतो आणि मरतो, मागचा पुढच्याला आपली वासना देऊन जातो, आणि या प्रवाहालाच तुम्ही देवदत्त म्हणता. मिलिंद राजाने नागसेनाला पुनर्जन्माविषयी छेडले तेव्हा नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला: पहिल्या प्रहरीची ज्योत आणि अखेरच्या प्रहरीची ज्योत तीच नव्हे आणि अन्यही नव्हे. कॅसेटीवरून संगणकावर जे जाते त्याचे यापेक्षा नेमके वर्णन मला सुचत नाही. लोहाचा एक कणही पलीकडे जात नाही, चुंबकत्व जात नाही, वस्तू म्हणून काहीच जात नाही; जातो तो केवळ क्रम. त्यामुळे प्रतीच्या प्रश्नात मी निःसंकोचपणे बौद्धांच्या बाजूने उभा राहतो. पण ओळखीचा प्रश्न आला की पुन्हा नैयायिकाच्या पंगतीत येऊन बसावे लागते. पडद्यावर पाच-सहा सेकंद चमकून जाणारी, हिरव्या लुगड्यातली, हातात अक्षता घेतलेली ती बाई कोण, हे सांगायला क्रम पुरत नाही. ‘ही तीच’ असे ज्ञान होण्यासाठी समोरचे दर्शन आणि पूर्वीचा संस्कार या दोहोंचा एका ठिकाणी संगम व्हावा लागतो. शास्त्रकारांनी त्याला प्रत्यभिज्ञा म्हटले आहे. दर्शन संगणक पुरवील. संस्कार कोणाजवळ आहे?

तो घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसांजवळ आहे, आणि दिवसेंदिवस कमी जणांजवळ आहे. ज्यांचा त्या लग्नानंतर जन्म झाला, त्या मुलानातवंडांना कॅसेट पाहून काहीही ‘आठवणे’ अशक्य आहे. त्यांना जे मिळते ते प्रत्यक्षही पुरते नव्हे आणि स्मृती तर नव्हेच. त्यांच्यापुरते उपलब्ध प्रमाण एकच, आप्तवाक्य. कोणीतरी जाणता शेजारी बसून ‘ही माझी आत्या, पनवेलची, तिच्याच ओटीवर आम्ही उन्हाळे काढले’ असे सांगेल, तेव्हा त्या हिरव्या लुगड्याला माणूसपण येईल. तो जाणता नसेल तर तीन तासांची ती फीत म्हणजे अनोळखी लोकांचे जेवण आहे.

हा विषय आपल्या भूमीला नवा नाही. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. शके ९३९ चे, म्हणजे १०१७ सालचे ते दानपत्र. भुईत सातशे सत्तर वर्षे काढून तांबे तर टिकलेच, पण महत्त्वाचे हे की ते वाचणारा पंडित मिळाला, आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापून निघाले. ताम्रपटाला यंत्र लागत नाही. त्याला संस्कृत जाणणारा लागतो, आणि संस्कृत जाणणाऱ्यांची परंपरा मधल्या सात शतकांत एक दिवसही खंडित झाली नव्हती. याच्या उलट महानुभाव पंथाचे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत कोंडून घातले, आणि पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतील आद्य गद्य शतकानुशतके डोळ्यांसमोर असूनही अगम्य राहिले. ते कुलूप निघाले विसाव्या शतकाच्या आरंभी, राजवाडे आणि ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे प्रभृतींच्या हातून. (भावे यांनी आपल्या बावीस-तेवीसाव्या वर्षी, १८९३ मध्ये, काढलेले मराठी ग्रंथसंग्रहालय ठाण्यात आजही चालू आहे, आणि ठाणेकरांना त्याचा वाटायला हवा तेवढा अभिमान वाटतो असे मला दिसत नाही.) पोथी असते, कागद शाबूत असतो, शाई पुसलेली नसते, आणि तरी वाचणाऱ्याच्या अभावी ती मुकी असते. व्हिडिओ कॅसेटीला अशी दोन कुलपे आहेत. एक यंत्राचे, जे कॅप्चर कार्डाने निघते. दुसरे ओळखीचे, ज्याची किल्ली बाजारात मिळत नाही.

त्याच महानुभाव पंथातील म्हाइंभटाने नेमके हे दुसरे कुलूप ओळखले होते. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा गोळा करायच्या तेव्हा तो नागदेवाचार्यांकडे गेला, त्यांच्या तोंडून ऐकलेले टिपून घेतले, आणि जी लीळा ज्याच्या देखत घडली त्याला गाठून त्याच्याकडून तिची शहानिशा करण्यासाठी तो गावोगाव हिंडला. पुढे धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि पंथातील जाणत्यांनी आपापल्या स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा उभे केले. त्यामुळे आज त्याचे अनेक पाठ आहेत आणि पाठभेदांवर विद्वानांची भांडणे आहेत. ती भांडणे असोत. मला महत्त्वाचे वाटते ते हे की तेथे वस्तू गेली आणि स्मर्ते उरले, म्हणून ग्रंथ वाचला. आपल्या कॅसेटींच्या बाबतीत याच्या बरोबर उलट घडण्याचा संभव आहे.

स्मर्ते असेपर्यंतच ओळख टिकते, ही गोष्ट श्राद्धविधी करणाऱ्या गृहस्थाला दुसऱ्या वाटेने परिचयाची असते. पिता, पितामह, प्रपितामह, वसु-रुद्र-आदित्यस्वरूप. नाव-गोत्र घेऊन पिंड द्यायचा तो या तिघांनाच, त्यांच्या पलीकडचे पूर्वज लेपाचे अधिकारी, दर्भाने पुसलेल्या अन्नाच्या अंशावर संतुष्ट राहणारे. धर्मशास्त्रकारांनी ही सीमा कोणत्या हेतूने घातली याची कैफियत मी देत नाही. परंतु एका माणसाच्या हयातीत ज्यांना त्याने पाहिले, किंवा ज्यांना पाहिलेल्या माणसाला त्याने पाहिले, अशांची साखळी साधारण तेवढीच लांब असते, हे उघड आहे. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे पाहा. तेथे पिढ्यानुपिढ्यांची नावे आहेत, गावे आहेत, आलेल्या यजमानाच्या हातच्या सह्या आहेत. चेहरा एकही नाही. आपल्या कॅसेटीत तीन तास चेहरेच चेहरे आहेत आणि नाव एकाचेही नाही. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे अशी सोय शास्त्राने ठेवली आहे, पण चेहऱ्यासाठी तशी सोय मला कोठे आढळली नाही.

त्यातच एक विपरीत गोष्ट त्या काळी सर्रास झाली. कॅसेट ‘एडिट’ करताना दुकानदार मूळ आवाज पुसून त्या जागी सिनेमाची गाणी भरीत असत, आणि यजमान त्याचे जादा पैसे देत. परिणामी आज्जी उखाणा घेताना दिसतात, त्यांचे ओठ हलतात, आणि ऐकू येते ते सिनेमातले एखादे युगुलगीत. उखाणा आता कोणाच्याही संगणकाला परत मिळवता येणार नाही. तो परत मिळाला तर एकाच ठिकाणाहून मिळेल: त्या दिवशी आज्जींच्या मागे उभ्या असलेल्या आणि आज पंच्याहत्तरीच्या घरात असलेल्या एखाद्या वहिनींच्या तोंडून.

कोणी विरक्त पुरुष म्हणेल की हा सारा मोह आहे. गेलेल्यांची चालती-बोलती चित्रे पाहत बसणे हे शोकाला खतपाणी घालणे होय, आणि जे नष्ट होत आहे त्याला नष्ट होऊ द्यावे. या म्हणण्यातील एक भाग मला मान्य आहे. ज्या माउलीला आपल्या दिवंगत पतीसोबतची सप्तपदी पाहवत नाही तिला ती पाहायला लावू नये, मग सून कितीही हौसेने पडदा लावून बसलेली असो. परंतु त्याग आणि हयगय यांत भेद आहे. गणपतीचे विसर्जन आपण उत्तरपूजा करून, आरती म्हणून, स्वतःच्या हाताने करतो. माळ्यावरच्या बुरशीने जे केले त्याला विसर्जन म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसेच २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-डोंबिवलीच्या सखल भागातील तळमजल्यांवरून जे वाहून गेले किंवा चिखलात रुतले, ते कोणी वैराग्याने सोडले नव्हते. ज्याला सोडायचे असेल त्याने एकदा पाहून, ओळखून सोडावे.

मूळ कॅसेटीचे काय करायचे, हा प्रश्न मला अनेकांनी केला आहे. जीर्णोद्धारात नव्या मूर्तीत देवत्व आणल्यावर भग्न मूर्ती जलाशयात सोडतात, तेव्हा प्रत झाल्यावर कॅसेट टाकायला हरकत कसली, असा त्यांचा युक्तिवाद असतो. येथे मात्र मी देवळाचा कायदा सोडून दफ्तराचा कायदा धरीन. पेशवे दफ्तरातील कारकून नक्कल करून झाली म्हणून अस्सल कागद फाडीत नसे. नकलेची अस्सलाशी रुजवात घालून दोन्ही रुमालात बांधीत असे. आज स्वस्तातल्या कॅप्चर कार्डाने, थरथरत्या चित्रासकट, घेतलेली प्रत ही शेवटची प्रत असेलच असे नाही. त्याच फितीतून उद्या एखादा अधिक चांगले यंत्र लावून अधिक काही काढू शकेल. शिवाय हार्ड डिस्क काही ताम्रपट नव्हे. ती कॅसेटीहूनही अल्पायुषी ठरू शकते, म्हणून प्रती दोन कराव्यात आणि त्या दोन घरांत ठेवाव्यात.

तेव्हा ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांना माझी विनंती एवढीच की हे काम रात्री यंत्र लावून देऊन झोपी जाऊन उरकू नये. तीन तास लागणारच आहेत, तर ते घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला शेजारी बसवून, चहापाण्यासह, घालवावेत. त्यांना दिसत नसेल तर चित्र थांबवून वर्णन करून सांगावे. हातात वही असावी, आणि ‘बेचाळिसाव्या मिनिटाला, पंगतीत डावीकडून तिसरे, गावचे दामूकाका’ अशा रीतीने वेळ, जागा, नाव, नाते, गाव हे सारे जागच्या जागी लिहून घ्यावे. ज्याच्याविषयी दोघांत मतभेद होईल तेथे दोघांचेही म्हणणे नोंदवावे. ती वही त्याच हार्ड डिस्कवर आणि कागदावरही ठेवावी. कॅसेट आणखी एक पावसाळा कदाचित काढील. ते गृहस्थ किंवा त्या आज्जी काढतील याची हमी कोणी द्यावी? म्हणून यंत्र मिळाले नसेल तरी त्यांच्याकडे आधी जावे.